एफीच्या बोक्याची खरी हकिकत

ऑक्टोबर सरताना येणाऱ्या साविनच्या सणाला आमच्या आर्डव्हनन गावात पोरांना एक गोष्ट सांगतात. एका चेटकिणीच्या काळ्या बोक्याने शाप देऊन टॉर्किल मॅकास्किलच्या गायीचं दूध आटवलं, टॉर्किलने बोका बुडवला आणि दूध परत आलं. पोरं डोळे मोठे करून ऐकतात आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तो बोका मी पाहिलेला, ती गाय मी पाहिलेली, आणि एफीच्या तर शेजारी मी एकवीस वर्षं काढली. या गोष्टीत तिला चेटकीण केलीय मेल्यांनी.

एफी माझ्याहून वीस वर्षांनी मोठी. मी तिला मावशी म्हणायचे. तिने लग्न केलं नाही. का केलं नाहीस म्हणून विचारलं तर म्हणायची, "एवढ्या गायी सांभाळते, त्यात आणखी एक बैल कशाला?" ती गावभर धारा काढायची. आमच्या बेटावरच्या गायी नखरेल, गाणं ऐकल्याशिवाय पान्हा सोडत नाहीत. एफी कासेला हात लावायच्या आधी गायीच्या पोटाला कपाळ टेकवून गुणगुणायची आणि शेवटचा थेंब निपटून काढल्याशिवाय उठायची नाही. दूध कासेत राहिलं की गायीला दगडी होते, कास सुजून टणक होते, हे ती येईल त्याला शंभरदा सांगायची.

तिच्याकडे एक बोका होता. अंगाने काळाकुट्ट, गळ्याखाली तेवढा पांढरा ठिपका, पाद्र्यांच्या गळ्यातल्या पांढऱ्या पट्टीसारखा. म्हणून तिने त्याचं नाव ठेवलं पाद्रीबुवा. आमच्या खऱ्या पाद्रीबुवांना हे कळलं तेव्हा ते पोट धरून हसले होते.

आता आमच्या लोकांची अक्कल ऐका. टेकडीच्या पोटात पऱ्यांचा एक बोका राहतो म्हणे, कुत्र्याएवढा, काळा, छातीवर पांढरा ठिपका. साविनला प्रत्येक दारात त्याच्यासाठी बशीभर दूध ठेवायचं. जो ठेवणार नाही त्याच्या गायी आटणार. घरात कोणी मेलं तर रात्रंदिवस पहारा, कारण मांजर मढ्यावरून गेलं तर जीव चोरून नेतं. साविनच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या बश्या चाटूनपुसून स्वच्छ, आणि आमचा पाद्रीबुवा एफीच्या चुलीपाशी पोटाचा नगारा करून पडलेला. हे कोणाला माहीत नव्हतं? सगळ्यांना होतं. तरी एकमेकांना गंभीर तोंडाने सांगायचे, "टेकडीखालच्याने घेतलं बरं का दूध." आणि इतर दिवशी तोच बोका दारात दिसला की दगड.

राणीच्या राज्याभिषेकाचं वर्ष होतं. टॉर्किल आमच्या चर्चचा पंच, तीन गायींचा धनी. ऑक्टोबरात त्याच्या कानावर बोक्याचं नाव गेलं आणि तो तणतणत एफीच्या दारात आला. दोघं एका शाळेतले.

"देवाच्या सेवकाचं नाव जनावराला? लाज नाही वाटत?"

"ज्याचं नाव त्याला चालतं. तुला का रे झोंबतंय?"

"उद्यापासून माझ्या गोठ्यात पाय ठेवायचा नाही."

"बरं," एफी म्हणाली. "सुनेला सांग, शेवटपर्यंत काढ म्हणावं."

तो कसला सांगतोय? सून ग्लासगोची, पोर गुणी, पण गाय तिने चित्रातच पाहिलेली. अर्धं दूध कासेतच राहायचं. त्या साविनला टॉर्किलने दारात बशीही ठेवली नाही. हे सैतानाचे चाळे आहेत, पंचाच्या घरी चालणार नाहीत, असं गावभर सांगून आला. नोव्हेंबर उजाडला आणि त्याच्या ब्लाराक गायीची कास दगडासारखी झाली. गुरांचा डॉक्टर पलीकडच्या बेटावर, आणि वादळामुळे बोट बंद.

मग हा बाबा पुन्हा एफीच्या दारात. मी तिथेच लोकर विंचरत बसले होते.

"तुझ्या बोक्याने केलं हे. मी दूध ठेवलं नाही ना, त्याचा सूड."

मला राहवलं नाही. "काय हो पंच, परवापर्यंत हे सैतानाचे चाळे होते ना?"

"तू मध्ये बोलू नकोस, डॉलिना."

एफीने एवढंच विचारलं, "कुठली गाय?" आणि हात धुवायला उठली.

तीन दिवस ती त्या गोठ्यातून हलली नाही. कढत पाण्यात फडकं बुडवून शेकायचं, कास चोळायची, गाठी आणि पू तासातासाला पिळून काढायचा. बोटं सुजून लाल झाली. ब्लाराक लाथा झाडायची आणि ही घोगऱ्या आवाजात गातच राहायची. मी ओटची भाकरी नेऊन द्यायचे, ती उभ्याउभ्या खायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी टॉर्किलने आपल्या घराच्या मागच्या पायरीवर दूध ठेवलं. हो, त्याच टॉर्किलने. एफीला शोधत पाद्रीबुवा त्या गोठ्यापर्यंत आला होता, आणि दूध म्हणजे त्याचा जीव की प्राण. मी माझ्या वावरात सलगम उपटत होते. टॉर्किल गोणी घेऊन तळ्याकडे जाताना दिसला आणि गोणी हलत होती. मी टोपली टाकून धावले, कुंपणावरून उडी मारली, चिखलात एक बूट रुतला तो तिथेच सोडला. पोचले तेव्हा तो विजारीला हात पुसत होता.

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गावाच्या भल्यासाठी केलं."

एफीला मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती उठली असती आणि गाय गेली असती. तिसऱ्या दिवशी सकाळी ब्लाराकने स्वच्छ, पांढरंशुभ्र दूध दिलं. टॉर्किल ती बादली घेऊन दारोदार फिरला. "बघा. काल बोका गेला, आज दूध आलं." कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ म्हणतात, इथे तर कावळाही बसला नव्हता. तीन दिवस एक बाई त्या कासेशी झुंजली, आणि एकानेही तिचं नाव काढलं नाही.

एफीला बोका गेल्याचं कळलं ते असं, रस्त्यात, त्याच्याच तोंडून. ती म्हणाली, "कुठे टाकलास?" नंतर स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उतरून तिने गोणी काढली.

वसंतात टॉर्किलच्या दुसऱ्या गायीला दगडी झाली. टोपी हातात धरून तो एफीसमोर उभा राहिला.

"येते," एफी म्हणाली. "आधी रविवारी चर्चबाहेर सगळ्यांसमोर सांग, ब्लाराकला कोणी बरं केलं. कबूल हो, आत्ता निघते."

"एफी, मी पंच आहे गं. लोकांना काय वाटेल?"

"मग तुझा उपाय कर. गावात मांजरं पुष्कळ आहेत."

तो टोपी घालून निघून गेला. गुरांच्या डॉक्टरलाही बोलावलं नाही, दूध कासेत राहून गाय बिघडली हे त्याच्याकडे कबूल करावं लागलं असतं ना. एक मांजर मात्र मारलं, शाळेजवळचं, करड्या रंगाचं.

गाय दोन दिवस हंबरत होती. आमच्या दोन्ही घरांत ऐकू यायचं. एफी हात मांडीत दाबून बसलेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, "जाऊ का गं डॉलिना? तिचा बिचारीचा काय दोष?"

मी म्हटलं, "अजिबात जायचं नाही. एकदा तरी त्याला भोगू दे."

ती गेली नाही. सकाळी हंबरणं थांबलं. दुपारपर्यंत गावभर झालं की एफीने शाप दिला. त्यानंतर एकाही घराने तिला गोठ्यात घेतलं नाही. पुढे अकरा वर्षं जगली ती, आणि त्या अकरा वर्षांत तिला कोणी एका गायीच्या कासेला हात लावू दिला नाही. टॉर्किलला मी कधी माफ केलं नाही, करणारही नाही. पण तिने मला विचारलं होतं, आणि नको मी म्हटलं होतं.