बेलवलीच्या हॉलमधला हिरवा दिवा

"गायकरशेठ, हिरवा मागूनही दिसतोय," अंधारातून सावंतसाहेबांचा आवाज आला. "शेवटी उल्हासनगरचाच माल!"

माझं डोकं फिरलं. उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये पत्रे कापत मी वर्कशॉप उभं केलं. पण लोक माल बघायच्या आधी गाव विचारतात आणि नाक मुरडतात.

सावंतसाहेब बोटी बांधणाऱ्या यार्डाचे परचेस मॅनेजर. दिवा पास झाला तर त्यांच्या सगळ्या लाँचचे दिवे माझ्याकडे. नापास झाला तर मी पुन्हा ट्यूबलाइटच्या पट्ट्या बनवायला मोकळा. टेस्टला अंधारी, लांबलचक जागा हवी. म्हणून बेलवलीतला लग्नाचा हॉल घेतला आणि भरदुपारी पडदे ओढले. भाड्याऐवजी कमानीवरचा बंद फोकस दुरुस्त करून द्यायचा, असा मालकाशी सौदा.

बोटीचे दिवे शोभेला नसतात. उजव्या बाजूला हिरवा, डाव्या बाजूला लाल, मागे पांढरा. प्रत्येकाने आपापल्या कोनातच दिसायचं. हिरवा थेट समोरून सुरू होतो आणि उजवीकडून जरा मागे गेलं की, एकशे साडेबारा अंशांवर, संपतो. त्यापुढे फक्त पांढरा. मागून येणाऱ्याला हिरवा दिसला, तर त्याला वाटणार समोरची बोट आडवी चाललीय. मग टक्कर. तो कोन मी फरशीवर खडूने आखला होता. साहेब रेघ ओलांडून गेले तरी हिरवा विझेना.

मी वाकून बघितलं. दिव्याच्या आतल्या अंगाला उजेड अडवणारा पत्र्याचा काळा पडदा असतो. तो आरशासारखा चमकत होता. उजेड त्याच्यावर आपटून मागे पळत होता.

"हरेश!" मी ओरडलो. हरेश आमचा पेंटर, एरवी कॅम्प २ मधल्या दुकानांची शोकेस रंगवतो. "मॅट काळा सांगितला होता ना?"

"मारला ना, शेठ! ऊपर से लॅकर का एक हात फ्री. बिना चमक का माल कौन उठाता है?"

मी त्याला आणखी काही ऐकवणार, तेवढ्यात मागच्या दारातून बुंदीचा वास आला. उद्याच्या लग्नाचा स्वयंपाक चालला होता. मी तिकडे धावलो आणि चुलीवरून उतरवलेल्या पातेल्याच्या बुडाची काजळी फडक्याने पुसून घेतली.

आचारी म्हणाला, "अहो, घासताय तर अख्खं घासा की!"

काजळी दिव्यातल्या पडद्याला फासली. साहेब पुन्हा चालले. रेघेवर पाय पडला.

"गेला!" ते ओरडले. एक पाऊल मागे. "आला!" पुन्हा पुढे. "गेला!"

लंगडी खेळावी तसे साहेब त्या रेघेवर इकडून तिकडे. आचारीही झारा घेऊन चालून बघायला आला.

"पास," साहेब बुंदी खात म्हणाले. "लॅकर काढून नीट मॅट मारा. पण काजळीचं डिस्काउंट?"

"एक पैसा नाही. उलट दिव्यावर गावाच्या नावाची पट्टी लागेल, उल्हासनगर."

"अंबरनाथ टाका हो. एमआयडीसी. बरं दिसतं."

"उल्हासनगर. नाहीतर दिवा परत द्या."

साहेब हसले आणि हो म्हणाले.

आता प्रत्येक दिव्यावर ती पितळी पट्टी जाते. तिला लॅकरचे दोन हात हरेशच देतो. चमक हवी, पण जिथे नाव आहे तिथे.