नाव मोठ्याने म्हणा

पोरीने दुपारी काही खाल्लं असेल की नाही, हा भुंगा आईच्या डोक्यातून जाईना. एरवीही कामाच्या नादात ती डबा तसाच परत आणायची; आज तर तिच्या घशाखाली घास कसा उतरणार?

लेक जपानी शिकली आणि दुकानांच्या मोठ्या इमारतीत, सरकत्या जिन्याखाली टेबल मांडून बसली. येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं ती जपानी अक्षरांत ब्रशने कार्डावर लिहून देते. कुणी नाव कागदावर लिहून आणलं तर त्याकडे बघतही नाही. "मोठ्याने म्हणा. पुन्हा एकदा," म्हणते, डोळे मिटून ऐकते आणि मगच ब्रश शाईत बुडवते. "अहो, जपानीत केवढं लांबवलंत माझं नाव!" असं कुणी कुरकुरलं, तर हसून म्हणते, "असू द्या, आयुष्यही लांबेल."

आईने मात्र ऑफिसात सांगून ठेवलं होतं, की लेक जपानी कंपनीत भाषांतर करते. जिन्याखाली बसते, हे सांगायला जीभ रेटली नव्हती.

आज जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरची मैत्रीण तिला ओढतच घेऊन निघाली. "चल गं, त्या दुकानांच्या इमारतीत माझ्या नातवाचं नाव जपानीत लिहून घेऊ. मग तुझ्या लेकीला दाखव, ती लिहिणारी बाई फसवत तर नाही ना!" सरकता जिना दिसला तशी आई मैत्रिणीच्या दोन पावलं मागे राहिली.

लेकीने मान वर केली. तिचा चेहरा खुलला, "आई" ओठांवर आलंच होतं. आईने नजर शेजारच्या दुकानातल्या चपलांकडे वळवली.

लेक काय समजायचं ते समजली. नातवाचं नाव तिने दोनदा म्हणवून घेतलं, लिहिलं. मग विचारलं, "आणि तुमचं?"

तुमचं! आईने कसंबसं नाव सांगितलं. लेकीने डोळे न मिटता लिहून टाकलं.

"हिला नाही गं म्हणायला लावलंस परत?" मैत्रिणीने विचारलं.

"ऐकू आलं नीट," लेक म्हणाली. "शाई ओली आहे, जपून धरा."

परतताना मैत्रीण म्हणाली, "किती गोड पोरगी! कुणाची असेल गं?" आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हाही ती कार्ड जपून धरत पुढे चालू लागली.

आता घरी बसून तिने लेकीला फोन लावायला घेतला आणि थांबली. चार भिंतींत माफी मागून काय होणार होतं? लेकीला नाकारलं होतं ते मैत्रिणीसमोर. उद्या सगळं ऑफिस हसेल. हसेना का.

लेक घरी यायच्या आत तिने मैत्रिणीचा नंबर काढला.