मामांनी वाद सोडला तेव्हा

मामीचा फोन तीनदा येऊन गेला तेव्हा मी पुण्याच्या ऑफिसात एका अमेरिकन ग्राहकाशी बोलत होतो. चौथ्यांदा फोन थरथरला, तरी मी ते बोलणं पुरं केलं, 'हॅव अ ग्रेट डे' म्हणालो आणि मगच तो उचलला. "मामा गेले रे तुजे..." एवढंच ती म्हणाली. याला आता सात आठवडे झाले, पण त्या 'ग्रेट डे'ची लाज अजून गेलेली नाही.

मामा बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवत. निवृत्तीला आठ महिने उरले होते. मला इंग्रजी शिकवलं ते त्यांनीच, तेही पक्कं ब्रिटिश. पुढे कंपनीनं माझ्या जिभेला अमेरिकन वळण लावलं आणि आमची जुंपली. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी इंग्रजीत काही टाकलं की मामा ते वहीत उतरवून घेत, 'कलर'मधला मी गाळलेला 'यू' लाल पेनानं परत बसवत आणि वहीचा फोटो टाकत. खाली शेरा : दहापैकी सात. दिवाळीला गेलो की उंबऱ्यातच अडवत. "आधी झेड म्हण, मग घरात ये." मी मुद्दाम 'झी' म्हणे. "तुज्या झीला चौसाळ्यात कुणी पाणी बी विचारणार न्हाई!" चहाचे कप घेऊन उभी असलेली मामी वैतागायची, "आरं, ते सायब तिकडं मजेत हायेत, तुमी हितं कावून भांडता?" एकदा मीही विचारलं, मामा, आपल्याला दोन्ही इंग्रजी परकीच, मग हा आटापिटा कशाला? मामा म्हणाले, "दुसऱ्याच्या बांधावरनं भांडायला लई मजा येती. आपली माती जात न्हाई."

गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला नववीच्या वर्गात बोलावलं. आपल्याच शाळेत शिकलेला भाचा रोज अमेरिकेशी बोलतो, हे त्यांना पोरांना दाखवायचं होतं. कडक इस्त्रीचा शर्ट घालून त्यांनी माझी ओळख इंग्रजीतून करून दिली. त्यात 'शेड्यूल' आलं आणि मला चेव चढला. "मामा, स्केज्यूल! जग आता असंच म्हणतं." वर्ग खो-खो हसला. मामाही हसले आणि म्हणाले, "तुजंच बरोबर." परतीच्या एसटीत मी स्वतःवर खूश होतो, हे कबूल केलेलं बरं.

त्यानंतर वहीचे फोटो बंद झाले. मी मुद्दाम चुका पेरल्या, 'सेंटर' अमेरिकन थाटात लिहिलं. मामांचा नुसता अंगठा आला. फोनवर झी म्हटलं, तर "तुजंच बरोबर." रुसलेल्या माणसाची समजूत काढता येते. जो सगळंच मान्य करतो त्याचं काय करायचं? एवढ्याशा थट्टेचं काय लावून घ्यायचं, असं म्हणत मीही अडून बसलो. या अडेलपणात जवळजवळ वर्ष गेलं.

मग त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. बीडच्या दवाखान्यात भेटलो तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, "मामा, चुकलं माझं. चारचौघांत तुमचा अपमान केला." त्यांनी मान हलवली. "माजा कसला अपमान, येड्या..." दम लागत होता, थांबत थांबत बोलले. शाळा भरताना परिपाठात रोज एक मूल उभं राहून इंग्रजी बातम्या वाचायचं. ही पद्धत त्यांनीच पाडलेली. "तू गेलास आन् दुसऱ्या दिवशी कुणाचाच हात वर झाला न्हाई. आठ दिवस वाट बघितली. एक पोरगी म्हणली, सर, तुमचंच चुकतंय तर आमचं काय... तवापासून मीच वाचतोय. त्यांचं भ्या काढायला माजी लई वर्सं गेली रे. मग तुज्याशी भांडायला जीवच झाला न्हाई." ती आमची शेवटची भेट.

मामांचा दहावा झाल्यावर मुख्याध्यापकबाईंची परवानगी घेऊन मी परिपाठाला गेलो. पोरांना सांगितलं, त्या दिवशी सरांचं चुकलं नव्हतं, दोन्ही उच्चार चालतात, चुकलो मी. रांगा मख्ख उभ्या होत्या. मग मीच वर्तमानपत्र उघडून इंग्रजी बातमी वाचायला लागलो. रस्त्याची बातमी होती, सवयीनं तोंडातून 'राऊट' गेलं.

"सर, रूट." दहावीच्या रांगेतली एक मुलगी बोलली आणि तिनं लगेच जीभ चावली.

"कावून?" मी विचारलं.

"आमचे सर रूट म्हणायचे. बसचा रूटच असतो की."

"अमेरिकेत राऊट म्हणतात."

तिनं बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आपली बस वडवणीला जाती, सर."

सगळ्या रांगा हसल्या, यावेळी मला. उद्या कोण वाचणार, असं बाईंनी विचारलं. पोरं एकमेकांना ढोसायला लागली. मग त्या मुलीनं हात वर केला, आणि तिच्या मागे आणखी एकीनं. मामा हवे होते... त्या दोन हातांसाठी तरी हवे होते.