एकीनं जागं राहायचं

शोभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममधून संध्याकाळच्या बॅचच्या वर्गाकडे निघाले होते. "मावशी, आई दुपारी झोपली ती उठलीच नाही," तिची मुलगी एवढंच बोलू शकली. सर्दी झाली म्हणून शोभानं त्या दिवशी सुट्टी घेतली होती, आणि मुलगी ऑफिसात. शोभाच्या अंबरपेठेतल्या घरी भेटायला येणारा जो तो म्हणत होता, "नशीबवान, झोपेत गेली." मला त्याचा रागच येत होता. शोभाला झोपताना शेजारी कुणीतरी जागं लागायचं, हे त्यांना कुठं ठाऊक होतं...

दिलसुखनगरच्या एका कोचिंग सेंटरमध्ये ती गणित शिकवायची, मी केमिस्ट्री. ती परभणीची, मी पुण्याची. अख्ख्या स्टाफमध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. दोन बॅचमधली लांबलचक दुपार स्टाफरूममध्येच काढावी लागे. पुरुष शिक्षक टेबलावर पाय टाकून खुशाल घोरायचे. बाईनं मात्र नुसतं डोकं टेकलं तरी चौकशा सुरू... ताप आहे का, घरी काही झालं का. तिला साधी झोप आली असेल, हे कुणाच्या डोक्यातच यायचं नाही.

एकदा शोभाचा डोळा लागलेला पाहून आमच्या संचालकांनी तिला इथल्या दखनी हिंदीत हळू आवाजात समजावलं, "मॅडम, पेरेंट्सां आते, अच्छा नै दिखता."

"फिजिक्सवाले सर के खर्राटे बी सुनतेइच हैं ना सर, पेरेंट्सां," ती शांतपणे म्हणाली. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

एवढं बोलणारी शोभा एकटी मात्र कधी झोपली नाही. लहानपणी बसच्या प्रवासात तिची आई आणि मावशी आळीपाळीनं झोपायच्या, एकीनं जागं राहायचं असा नियमच होता. तो तिनं आमच्या स्टाफरूममध्ये आणला. मी आधी आढेवेढे घेतले, तर म्हणाली, "पुण्याची असून दुपारी झोपायची लाज वाटती व्हय तुला? पड तू. मी हाय ना." मग एक झोपायची, दुसरी पेपर तपासत बसायची, घसरलेली ओढणी सारखी करायची, मोठ्यानं बोलणाऱ्याला डोळ्यांनी दटावायची. त्या कडक खुर्चीत मला जशी झोप लागे, तशी घरच्या पलंगावरही लागली नाही.

आता दुपारी मी ताठ बसून असते. सहकारी चांगले आहेत, विचारपूसही करतात. पण 'मी झोपते, तुम्ही जाग्या राहाल का' असं कुणाला म्हणू? फार एकटं वाटतं. परवा न राहवून डोळा लागला. जाग आली तेव्हा पर्स पोटाशी घट्ट धरलेली होती, बोटं आखडली होती. इतकी वर्षं झोपताना ती कुठं टाकली आहे, हे मी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.