कमरेला लावायची कुऱ्हाड

आमच्या रविवारच्या गटासाठी कुऱ्हाड निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी धातूंवर काम करतो. बेंगळुरूतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत पोलादाचे तुकडे तोडून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात माझी बावीस वर्षं गेली आहेत.

गटात आम्ही आठ-नऊ जण. बहुतेक शहरातल्या एचएसआर आणि कोरमंगला या भागांत राहणारी, सॉफ्टवेअरमधली तरुण मुलं-मुली. रविवारी पहाटे दोन गाड्या काढायच्या, दोन तासांवरच्या टेकड्यांत जायचं, वनखात्याच्या परवानगीनं घाणेरीची झुडपं तोडायची आणि गस्तीच्या पायवाटेवर आडवी पडलेली झाडं बाजूला करायची. चढताना दोन्ही हात मोकळे लागतात. म्हणून पट्ट्याला अडकवता येईल अशी छोटी कुऱ्हाड हवी होती.

गटात सगळ्यांत वयस्कर होते अण्णा. एका कचेरीतून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच. घरात मराठी, पण कानडी मुरलेली. पुण्याहून आलेल्या मला ते ऐकून हसू यायचं, आणि मी ते लपवायचो नाही. अण्णांकडे पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारपेठेतल्या, एका लोहाराकडून करून घेतलेला आखूड कोयता होता. घाणेरीला त्याच्यासारखं दुसरं हत्यार नव्हतं.

"कुऱ्हाड पण त्याच लोहाराकडे करू सार," ते मला म्हणाले. "तो पाणी बेतानं पाजतो. जास्त पाणी पाजलेलं पातं टवके टाकतं. मऊ असलं तर वाकेल, घासून सरी, नीट करता येतं."

हेच मी दरवर्षी नव्या प्रशिक्षणार्थींना पहिल्या तासाला शिकवतो. कडकपणा वाढवला की ठिसूळपणा वाढतो. अण्णांनी ते माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगितलं होतं. पण मुलं ऐकत होती. मी म्हणालो, "अण्णा, पोलाद म्हणजे डोसा नव्हे, मऊ हवा की कडक ते विचारायला." सगळे हसले. अण्णाही थोडे हसले.

मग मी ऑनलाइन तीन परदेशी कुऱ्हाडी मागवल्या. चामड्याची म्यानं होती, दांड्यांना तेल दिलेलं. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर तिन्हींचा कडकपणा मोजला. मधली सगळ्यांत योग्य होती. पातं बेताचंच कडक, दांडा थोडा लांब, म्हणजे घाव चुकला तर गुडघ्यावर येण्याची भीती कमी. तीच घ्यायची हे मला पाच मिनिटांत कळलं होतं. तरी मी सगळ्यांत कडक निवडली, त्याच जातीच्या दोन. अण्णा म्हणाले तसं झालेलं मला नको होतं. दुसरं कारण नव्हतं. गटाला मात्र मी आकडे दाखवले.

तीन-चार रविवार छान गेले. मग एकदा वाटेवर एक वाळलेलं झाड आडवं पडलेलं मिळालं. मुलं खालच्या उतारावर घाणेरी तोडत होती. झाडापाशी मी आणि अण्णा दोघेच. माझी कुऱ्हाड एका गाठीत अशी रुतली की हलेना. मी दुसरी कुऱ्हाड म्यानातून काढली आणि रुतलेल्या कुऱ्हाडीच्या पाठीवर हाणायला उचलली.

"स्वल्प थांबा सार," अण्णा म्हणाले. "लोखंडावर लोखंड नको. मी फांदी तोडून पाचर करतो."

ते कोयता घेऊन वळले, तेवढ्यात मी हाणली. घंटेसारखा आवाज झाला. अण्णा जागच्या जागी खाली बसले आणि त्यांनी हात डाव्या गालावर धरला. बोटांमधून रक्त येत होतं.

मुलं धावत वर आली. "काय झालं?"

"खडा उडाला," मी म्हणालो.

हे मी ठरवून बोललो नाही. पण तोंडातून इतकं सहज आलं की आजही त्याची भीती वाटते. अण्णांनी उजव्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं.

आम्ही गाडी थेट इस्पितळात आणली. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला. मी पुन्हा म्हणालो, "दगडाचा खडा." तेव्हा मात्र अण्णा पडल्या पडल्या म्हणाले, "दगड नव्हे. लोखंड."

बाई माझ्याकडे वळल्या. "नक्की सांगा. लोखंड डोळ्यात राहिलं तर डोळा हळूहळू जातो. तपासणीसुद्धा वेगळी करावी लागते."

"लोखंड असेल," मी म्हणालो. कशाचं, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

डोळा वाचला. टवका खालच्या पापणीच्या बोटभर खाली, हाडाला लागून बसला होता. काढल्यावर त्यांनी तो छोट्या बाटलीत घालून दिला. जेमतेम तांदळाएवढा. तुटलेली बाजू बारीक कणांची, करडी. असं पोलाद मी हजारदा पाहिलं आहे. ते कोणत्या कुऱ्हाडीचं आहे हे मला यंत्राशिवाय कळलं.

संध्याकाळी, गालातून लोखंड निघाल्याचं कळल्यावर, गटाच्या व्हॉट्सॲपवर एकानं लिहिलं, की अण्णांच्या गावठी कोयत्याचा टवका उडाला असणार, यापुढे सगळ्यांनी सरांनी निवडलेलीच हत्यारं वापरावीत. अण्णांच्या हातात कोयता होता, तो सगळ्यांनी पाहिला होता. खाली एकामागून एक अंगठे येत गेले. मीही अंगठा टाकला. मग फोन पालथा ठेवून जेवायला बसलो. बायकोनं दोनदा विचारलं, बरं नाही का? मी म्हणालो, दमलोय.

अण्णांना कुणीतरी फोन करून सांगितलं, की सुरक्षेसाठी कोयता आणू नका. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

दीड महिन्यानं मी त्यांच्या घरी गेलो. मधल्या काळात दोनदा निघून परत फिरलो होतो. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, दार उघडलं, कॉफी आणून दिली आणि त्या आत गेल्या. अण्णांच्या गालावर शिवणीची लालसर रेघ होती. मी माफी मागितली. कुऱ्हाडीचं सांगितलं, मोजमापाचं सांगितलं, अंगठ्याचंही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्या पोरांना सांगितलं?"

"नाही."

"मग माझ्याकडे कशाला आलात? मला ठाऊकच होतं."

कॉफी अर्धी तशीच ठेवून उठलो.

मी गटाला लिहून पाठवणार होतो. तीनदा लिहिलं आणि खोडलं, कारण प्रत्येक वेळी त्यात माझ्याबद्दल काहीतरी बरं शिरत होतं. शेवटी रविवारी, गाड्यांतून उतरल्यावर सगळ्यांना थांबवलं आणि सांगितलं. अण्णांनी थांबा म्हटलं होतं, हेही. मग ज्या मुलीनं त्या दिवशी स्वतःच्या ओढणीनं अण्णांचा गाल बांधला होता, ती म्हणाली, "सर, आम्हीच त्यांना कोयता आणू नका म्हणून फोन केला. तुम्ही ग्रुपवर वाचलं होतंत ना ते?"

"हो."

ती पाठीवर पिशवी टाकून वाटेला लागली. दुपारी काम संपल्यावर तिनंच अण्णांना फोन लावला. थोडी बाजूला जाऊन बोलली, पण "सॉरी अण्णा" एवढं मला ऐकू आलं.

अण्णा आता परत येतात. कोयता घेऊन येतात. नव्या कुऱ्हाडी त्यांच्या लोहारानं केल्या. निवडायला ते त्या मुलीला घेऊन गेले होते. मी गटात आहे. मला कुणी जा म्हटलं नाही, आणि आपण होऊन जाणं मला पळून जाण्यासारखं वाटलं. पुढे जाऊन तोडायला कुणी मला बोलावत नाही. मी मागे राहून मुळासकट तोडून काढलेली घाणेरी ओढतो आणि उताराच्या कडेला तिचे ढीग लावतो. काट्यांनी हात ओरबाडून निघतात. परवा अण्णा शेजारून जाताना थांबले, ढिगाकडे बघून म्हणाले, "मुळं वर करून ठेवा, नाहीतर परत रुजतील." मी सगळा ढीग उलटा केला.