मंडळाचं लांब नाव

आधी पोस्टकार्ड हातात आलं की वाचायच्या आधीच समजे. कोपऱ्याले हळद असली तर लग्न, कोपरा फाटका असला तर कोणी गेलं. मी चौथी शिकलेला, बायको सातवी. फाटकं कार्ड आलं की ती आधी चुलीवरचं उतरवून ठेवी, मग वाचे.

मी रेल्वेत गँगमन होतो, जऊळक्याकडे. रिटायर झाल्यावर आमच्यातल्या एका बाबूनं मंडळ काढलं आन् मेलची यादी केली. एका पत्त्यावर लिहिलं की सगळ्यांच्या फोनवर जाते. प्रत्येक विषयाच्या आधी मंडळाचं नाव आपोआप लागे: ‘निवृत्त रेल्वे कर्मचारी स्नेहमिलन मंडळ, वाशीम जिल्हा’. फोनवरची ओळ तिथंच संपे, विषय दिसतच नसे. बायको चष्मा लावून एकेक मेल उघडे.

"सहलीचं हाय," ती म्हणे. "तुमी नोका जाऊ. मंग पाय मलेच दाबा लागतात."

यंदा ती वारली. बाबूनं यादीवर कळवलं, म्हणून मी कोणाले वेगळा फोन केला नाही. शेलूबाजारचा माझा जोडीदार, तीस वर्षं एका गँगमधला, तिच्या हातची भाकर खाल्लेला, ना मातीले आला ना जलदानाले. मी ठरवलं, याचं तोंड पाहायचं नाही.

दीड महिन्यानं तो ऑटोनं आला. दारातूनच म्हणाला, "वहिनीले सांग, चहा ठेव."

मी भिंतीवरचा फोटो दाखवला. तो खालीच बसला. त्याचा फोन पाहिला तर एकाखाली एक मंडळाचंच नाव, एकही मेल उघडलेला नाही.

"मले वाटलं समदे सहलीचेच असतीन," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघं वाशीमले बाबूच्या घरी गेलो.

"हे नाव कापा," मी म्हटलं. "नुसतं ‘रेल्वे’ ठेवा. कोणी गेलं तर त्याच्यापुढं ‘दुःख’ लिहा, मंग नाव."

"अन् मंडळाची ओळख?"

"तुमची ओळख वाचता वाचता मानूस जाते, बाबू."

बाबू कुरकुरला, पण फोन घेऊन बसला. नाव कापलं. "आता पाठवून पाहा लागन. काय लिहू?"

"वहिनीचंच लिहा," जोडीदार म्हणाला. "माह्यासारखे आनखी असतीन."

संध्याकाळपर्यंत मले चार फोन आले. चौघांलेही माहीत नव्हतं. एक जण तिच्या ठेच्याचंच बोलत राह्यला. मी त्याले थांबवलं नाही.