नेहरू नगरातली बिल्ल्यांची पाटी

९ डिसेंबर, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. दुर्ग स्थानकावर उतरले तेव्हा थंडी अपेक्षेपेक्षा जास्त होती आणि स्वेटर पुण्यातच राहिला होता. एका परदेशी संस्थेच्या पत्रकार-सुरक्षा उपक्रमाचे मूल्यमापन करायला मी आले होते. स्थानिक बातमीदारांना मिळणारी मदत उपयोगी पडते का, हे तपासून पाचपैकी गुण द्यायचे. तीनपेक्षा कमी पडले, तर निधी थांबणार आणि भिलाईच्या नेहरू नगरातले त्यांचे एका खोलीचे केंद्र बंद होणार.

रिक्षा पद्मनाभपुरातून निघून भिलाईच्या रुंद, सावलीच्या रस्त्यांना लागली. उतरण्याची सोय स्मृति नगरात, केंद्राच्या संयोजक सुनंदाताईंकडे होती. त्या स्वतः बातमीदार. वडील भंडाऱ्याहून येऊन पोलाद कारखान्यात लागले आणि इथेच निवृत्त झाले. न्याहारीला फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवून फोडणी दिलेले मुटके) आणि टोमॅटोची चटणी होती. मी चटणी पुन्हा मागितली, तसे वडील म्हणाले, "घ्या मॅडम, बिनधास्त घ्या. चटणीलेही गुण असतात का?"

"बाबा, चूप बसा," सुनंदाताई म्हणाल्या. "लाच देऊन राहिले तुम्ही."

केंद्रात पोचल्यावर मी थेट मुद्द्यावर आले. संस्थेने सर्वांना संकटात दाबायचे बटण असलेले ॲप दिले होते. माझ्याकडच्या नोंदींनुसार वर्षभरात ते कोणीही दाबले नव्हते.

"नदीकडे नेटवर्क नाही राहत, मॅडम," सुनंदाताई म्हणाल्या. "अन् मारणारा माणूस सगळ्यात पहिले मोबाइलच हिसकून घेते. आमचं हे पाहा."

भिंतीवर खुंट्यांची एक पाटी होती. कारखान्यात यंत्राच्या आत उतरणारा कामगार बाहेर आपल्या नावाचा बिल्ला टांगतो. तो स्वतः येऊन काढेपर्यंत यंत्र कोणी सुरू करत नाही. वडिलांची ती रीत ताईंनी इथे आणली होती. जोखमीच्या कामावर निघणारा बातमीदार बिल्ला टांगतो, खाली खडूने परतीची वेळ लिहितो. वेळ टळली की बाकीचे निघतात.

त्या दिवशी देवेंद्र नावाच्या बातमीदाराचा बिल्ला टांगलेला होता. तो शिवनाथ नदीच्या काठी अवैध वाळूउपशाची छायाचित्रे घ्यायला गेला होता. परतीची वेळ चार. सव्वाचारला ताईंनी बाकीच्या बातमीदारांना फोन फिरवले आणि स्कूटरची किल्ली उचलली. मी मागे बसले. निरीक्षकाने हस्तक्षेप करू नये, हा नियम नेहरू नगरचा चौक ओलांडेपर्यंत आठवलाच नाही.

नदीकाठी तीन माणसे देवेंद्रला घेरून उभी होती आणि त्याच्या मोटरसायकलची चावी त्यांच्यापैकी एकाच्या मुठीत होती. आमच्यामागून आणखी चार दुचाक्या येऊन थांबल्या. मूठ हळूहळू उघडली.

"बस, बात कर रहे थे," तो माणूस म्हणाला.

"दीदी, मैं तो आ ही रहा था," देवेंद्र.

"हो, बिना चाबी के," सुनंदाताई म्हणाल्या.

केंद्रात परतून देवेंद्रने आपला बिल्ला काढला. तेव्हा माझे लक्ष टेबलावर गेले. सुनंदाताईंचा बिल्ला तिथेच पडलेला होता.

"ताई, तुम्ही टांगला नाही?"

"मी त शोधायले गेली होती ना."

"आणि आपण सगळेच अडकलो असतो तर?"

ताईंनी टेबलावरचा बिल्ला उचलला. देवेंद्र मात्र खूश होता. "अब दीदी का भी नंबर कटेगा."

परतीच्या गाडीत मी अहवाल पूर्ण केला. ॲप किती वेळा वापरले, या रकान्यात शून्य लिहिले, कारण ते खरे आहे. पण त्याच निधीतून ती खोली चालते, आणि खोली आहे म्हणून चार माणसे एका फोनवर निघू शकतात. यंत्राचे मोजमाप करणे सोपे असते. एकमेकांची वाट पाहण्याच्या सवयीसाठी अहवालात रकाना नव्हता, तो मी आखला. ताईंच्या बिल्ल्यासाठी एक गुण कापला. त्यांनाही ते मान्य होईल, याची मला खात्री आहे. एकूण गुण: पाचपैकी चार.